पुठ्ठ्यावरचं नाव

मी एक बिल्ला. पिशवीला, टोपीला टोचतात ना, तसला. अंगठ्याएवढा जीव माझा. पण माझ्यासारखे खोकंभर भाऊ आहेत, म्हणून बोलायला जरा धीर येतो.

मला घडवलं पर्थच्या टेगनने. 'मिठाचं बेट' नावाच्या चित्रमालिकेचं तिला असं वेड होतं की जेवणखाण सुचत नसे. त्यातला ईलन म्हणजे मी. शेवटचा भाग लागला त्या आठवड्यात सगळे चाहते ढसाढसा रडत होते. टेगनने माझं चित्र त्यांना दाखवलं, तर "मला हवाच!" म्हणून एकच गिल्ला! त्याच भरात तिने कारखान्याकडे भलीमोठी मागणी धाडली. इथेच फसली. रडणाऱ्यांच्या भरवशावर माल काढू नये. मी कारखान्यात रंगवून होऊन, समुद्र ओलांडून येईपर्यंत त्यांचे डोळे कोरडे झाले होते आणि मंडळी दुसऱ्याच मालिकेमागे धावली होती.

मग चाहत्यांच्या प्रत्येक मेळाव्यात मी टेबलामागच्या जाळीवर लटकत राहिलो. आधी वाईट वाटायचं, आता काही वाटत नाही. टेगनलाही वाटत नसावं. सॉसेज रोल चघळत ती समोर बघत बसते.

लोक थांबतात बरं का! "अय्या, ईलन! शाळेत काय वेड होतं मला याचं!" फोटो काढतात आणि निघून जातात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

शेजारच्या टेबलावर जोडी नावाची बाई मांजरांची चित्रं विकते. वयाने मोठी, तोंडाने फटकळ. ईस्टरच्या मेळाव्यात तिने विचारलं, "बये, अशी किती दिवस बसणार आहेस?"

"आजचाच दिवस. नाही खपलं तर टेबल सोडते. चित्रं काढणंही बस्स झालं."

"चित्रं कशाला सोडतेस? नाव सोड की! नाव वाचलं की लोकांना वाटतं, हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणजे आपल्यासाठी नाही. माझ्या मांजरांना कोणी विचारतं का, कुठल्या मालिकेतली म्हणून?"

टेगनने कात्री घेतली आणि मी ज्यावर टोचलेला होतो त्या पुठ्ठ्यावरची नावाची पट्टी कापून टाकली. मग एकेका भावाची. मला दुखलं नाही. दुखायला हवं होतं, एवढं कळलं.

दुपारपर्यंत जाळी निम्मी रिकामी झाली. तेवढ्यात एक छोटी मुलगी आजोबांना ओढत आली. "आजोबा, हा बघा, एकाच पायात बूट!" मग टेगनला म्हणाली, "दुसरा कुठेय?"

तो बूट ईलनने आपल्या बुडालेल्या भावासाठी किनाऱ्यावर ठेवलाय. परत आलाच, तर अनवाणी चालायला नको म्हणून. तो प्रसंग काढताना टेगनचा कागद भिजला होता.

टेगनचे ओठ हलले. जोडीनेही मान वर केली.

"हरवला असेल कुठेतरी," टेगन म्हणाली.

"वेंधळाच आहे!" मुलगी खिदळली. आजोबांनी पैसे दिले.

टेगनचं टेबल टिकलं म्हणे. मी त्या मुलीच्या दप्तरावर असतो. ती मला बर्टी म्हणते, जीव लावते. मी बरा आहे, म्हणजे दुखत काही नाही. फक्त एक मागणं आहे. ती मुलगी कधी भेटली, तर तिला बुटाची गोष्ट तेवढी सांगा. माझं बोलणं तिला ऐकू येत नाही, आणि जिला ठाऊक होती तिने सांगितली नाही.