सुमनबाईचे गप्पी

"डोनीत सोनं सांडलंय का रं भिमाजी?" पुंजारामने गोठ्यातूनच विचारलं. "मगाधरनं नुस्ता वाकून बसलाय."

"मासं बघतोय," भिमाजी म्हणाला. त्याच्या हातात चहाची गाळणी होती.

"मग आसतील की. वैनीच सोडून गेल्या हुत्या. तांब्यात घिऊन आल्या, म्हनल्या, भावजी, तुमच्या गोठ्यात डास लई झाल्यात..." बोलता बोलता पुंजाराम थांबला आणि बैलाच्या पाठीवर उगाच हात फिरवीत राहिला.

बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या तळाशी शेवाळ साचलं होतं. त्यावर तीन मासे संथ फिरत होते. तिन्ही करडे, फुगीर पोटाचे. माद्या. भिमाजीने शेवाळ हलवून कोपरे पाहिले. नर एकही नव्हता.

असणारही कसा? भिमाजी मलेरिया खात्यात होता. गावोगावच्या विहिरींत नि डबक्यांत गप्पी मासे सोडायचे, त्यांनी डासांच्या अळ्या खायच्या, हे त्याचं काम. कोणी मासे मागितले की पोटुशा माद्या द्यायच्या, ही खात्यातली जुनी रीत. एक मादी सगळं डबकं भरून टाकते. नर इवलासा, रंगीत. तो दिला काय नि न दिला काय. नवऱ्याचं पाहून सुमनबाईनेही पुंजारामला माद्याच दिल्या होत्या. त्यांना पिल्लं झाली असतील, पण पुंजाराम दर चार दिवसांनी डोण धुवायचा. पिल्लं पाण्याबरोबर वाहून जात, मोठ्या तेवढ्या उरत.

"यांच्यात तो ठिपका नसतो," भिमाजी म्हणाला.

"कसला ठिपका?"

भिमाजीने गाळणी पाण्यात घातली. तिन्ही माद्या डब्यात घेतल्या आणि तो घराकडे चालू लागला.

घरामागे सिमेंटचा हौद होता. भिमाजीने फार वर्षांपूर्वी खात्याचे उरलेले मासे त्यात सोडले आणि तो विसरून गेला. सुमनबाई विसरली नाही. संध्याकाळी भांडी झाली की ती हौदाच्या कडेला बसायची. नर अंग वाकवून, थरथरत मादीपुढे नाचायचे. मादी बहुतेक वेळा पाठ फिरवून निघून जायची. क्वचित एखादीच थांबायची, वळायची आणि त्याच्याकडे सरकायची. सुमनबाई ते पाहत राही. ज्याच्याकडे कोणीच फिरकत नसे, त्याला गाळणीत धरून ती नवऱ्याकडे देई.

"ह्याला भावजींच्या हिरीत सोडा."

"आगं, चांगला तर हाय. तू कोन ठरवनार?"

"मी कुठं ठरविते? ती ठरविते. मी निस्ती बघते."

"बघून काय मिळतं तुला?"

"बघायला तरी मिळू द्या की. आमाला कोनी इचारलं हुतं?"

भिमाजी तेव्हा मोठ्याने हसला होता. तीही हसली होती.

अशी वर्षं गेली. हौदातल्या नरांच्या शेपटीशी हळूहळू एक नारिंगी ठिपका दिसू लागला. आधी एखाद्याच्या, मग बऱ्याच जणांच्या. ठिपक्याला काळी किनार. तालुक्यातल्या कुठल्याच विहिरीत भिमाजीने तसला गप्पी पाहिला नव्हता.

जुलैत सुमनबाई गेली. तिच्या हृदयाची झडप खराब होती. पुण्यानुमोदनाला, तिच्या मागच्या विधीला, पाहुणे जमले. पावसाळ्याचे दिवस, गावात जुलाब-उलट्यांची साथ. जिथे माणसं जमतील तिथल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, हे भिमाजीच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की त्या सकाळी त्याने मगात पावडर कालवली, पिण्याच्या पिंपात बेताने ओतली आणि उरलेली हौदात रिकामी केली. डोकं जाग्यावर नव्हतं. हात आपला चालला. बुद्धवंदना संपली, पंगत बसली, तेव्हा कोणीतरी पाणी काढायला हौदाकडे गेलं. सगळे मासे वर आले होते.

त्याची लेक प्रज्ञा संगमनेरला कॉलेजच्या वसतिगृहात राहून प्राणिशास्त्र शिकत होती. तिने मासे गोळा केले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. तेव्हापासून बापलेकीत त्यावर बोलणं झालं नव्हतं.

डोणीतल्या माद्या आणल्या त्या आठवड्यात शनिवारी ती एसटीने आली, तर ओट्यावर काचेच्या बरणीत एकच मादी. बाकीच्या दोन दगावल्या होत्या.

"ही कुठली, बाबा?"

"पुंजारामच्या डोनीतली. तुझ्या आईनं दिल्याली." भिमाजी खाली बघत म्हणाला. "पर काय उपेग न्हाई. ठिपका नरातच आस्तो. नर तर मी सगळं मारलं."

प्रज्ञा बरणीपाशी वाकली.

"ठिपका बापाकडून मुलाकडे जातो, हे खरं," ती म्हणाली. "पण बाबा, ही मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. नर मरून गेला तरी. काही महिने त्याचीच पिल्लं होत राहतात हिला."

"मेल्याल्याची?"

"हो. हौदातल्यांची. एकाची नाही, दोघातिघांचीही असतील."

भिमाजी भिंतीला टेकून बसला. प्रज्ञाने चहा ठेवला. मग त्याने एकदम विचारलं, "पुंजारामच्या हिरीत बी आपलंच मासं हायेत. तुझी आई काडून टाकायची ते. तितं का न्हाई झाला ठिपका?"

"त्या विहिरीत मरळ आहे ना? रंग मादीला दिसतो तसा मरळीलाही दिसतो. रंगीत आधी खाल्ले जातात. मग जो दिसत नाही तोच जगतो, त्याचीच पोरं होतात. आपल्या हौदात खाणारं कोणी नव्हतं. इथे नुसती आवड चालली. ज्याला माद्यांनी जवळ केलं, त्याचं तेवढं पुढच्या पिढीत उतरत गेलं. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की ते कायमचंच होतं. जनुकांत, म्हणजे पार आत जाऊन बसतं."

"आवड आत जाऊन बसती?"

"तसंच म्हणा. आमच्या मॅडम म्हणतात, तिकडे भीतीने मासा घडतो, इकडे आवडीने."

भिमाजीने चहा संपवला नाही. कप हातातच राहिला.

"तुझ्या आईला कोनी इचारलं न्हवतं," तो म्हणाला. "बघायला गेल्तो तवा खाली मान घालून बसली हुती. मी म्हनलं, पसंत हाय. तिच्याकडं कोनी वळून सुदीक बघितलं न्हाई."

"मग नंतर विचारायचं होतं."

"नंतर कोन इचारतं, पोरी?"

प्रज्ञा उठली आणि आपला कप विसळायला मोरीकडे गेली.

भिमाजीने हौद उपसला, घासला, नव्या पाण्याने भरला आणि उन्हात तसाच राहू दिला. मादीच्या पोटामागचा डाग गडद झाला, म्हणजे वीण जवळ आली. एका सकाळी बरणीत पिल्लं दिसली, शेवाळाच्या तुसाएवढी. आई पिल्लांना खाते हे भिमाजीला ठाऊक होतं. त्याने गाळणीने पिल्लं वेगळी केली. काही हातून गेली. आठवड्याने आईही गेली. तिला त्याने कढीपत्त्याखाली पुरलं.

पिल्लं करडी होती. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी आणि परत आल्यावर तो बरणी उजेडाला धरून पाही. पुंजाराम वाटेवरून जाताना ओरडे, "काय भिमाजी, उगवला का न्हाई सूर्य?" आणि भिमाजी म्हणे, "न्हाई आजून." पुढे पुढे पुंजारामने विचारायचं सोडून दिलं.

पोळा होऊन गेल्यावर दोन पिल्लांच्या पोटाखालचा पर टोकदार झाला. हे नर. बाकीच्या माद्या. मग एका नराच्या शेपटीशी पिवळसर काहीतरी दिसलं. ते दिवसागणिक तापत गेलं, आणि एके दिवशी त्याभोवती काळी किनार उमटली. दुसरा नर तसाच राहिला. करडा, अंगावर निळसर झाक, बस. त्याचा बाप दुसरा कोणी असावा.

भिमाजीने सगळे हौदात सोडले. पुढे कधीतरी प्रज्ञा घरी आली, तेव्हा बापलेक संध्याकाळी हौदाच्या कडेला बसले. भिमाजीने गाळणी शेजारी ठेवली होती. पुंजारामची विहीर इथून दिसत होती.

"आला की, बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली. "आईचाच ठिपका."

ठिपकेवाला एका मादीपुढे आला. अंग वाकवलं, थरथरला. मादी निघून गेली. तो पुन्हा आडवा आला. ती पुन्हा वळली. मग कोपऱ्यातून तो करडा पुढे झाला, तसाच वाकला, तसाच थरथरला. मादी थांबली. तिने तोंड फिरवलं आणि सावकाश त्याच्याकडे सरकली.

भिमाजी हौदावर आणखी वाकला.

"आसं बी हुतं?"

"होतं की. कधी कधी एखादीला वेगळाच आवडतो. का ते पुस्तकातही धड सांगत नाहीत."

करडा पुढे, मादी मागे, असे दोघे शेवाळाआड गेले. ठिपकेवाला मधोमध एकटाच फिरत राहिला.

"आईच्या रीतीने बघायचं तर," प्रज्ञा म्हणाली आणि अडखळली. "विहिरीत ठिपकेवाल्याला सोडावं लागेल."

"व्हय."

त्याने गाळणी उचलली. पाण्यात बुडवली. ठिपकेवाला घाबरला नाही; तो गाळणीच्या आत आला, जाळीवर टेकला आणि तिथेच थरथरू लागला, जणू समोर कोणी होतं. भिमाजीने गाळणी वर घेतली नाही. मनगट भिजेपर्यंत हात तसाच पाण्यात धरून ठेवला. मग तिरकी करून गाळणी अलगद खालून काढून घेतली.

"मला सुदीक," तो म्हणाला, "तुझ्या आईनं काडून टाकलं न्हाई."

अंधार पडत आला. पाण्यात आता ठिपका कोणता नि करडा कोणता, ते कळत नव्हतं. भिमाजीने गाळणी झटकली आणि मोरीच्या भिंतीवर, सुमनबाई अडकवायची त्याच खिळ्याला अडकवली. तिच्यातून पाणी ठिबकत राहिलं.