शहारेंकडची पंगत

बिसराम कटरे गुरुजी २००२ साली मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पहिले तीन महिने दिवस कुठे घालवावा तेच त्यांना समजेना. सकाळचे साडेदहा वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळायचे. रुख्माबाई म्हणायच्या, "बसा जी आता. तुमची घंटी वाजून गेली."

शेवटी त्यांनीच गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या गोरेगावात निवृत्त मित्र मंडळ काढलं. सोबतीला तलाठी म्हणून निवृत्त झालेले उदाराम बिसेन होते आणि किराणा दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले मुन्नालालजी. बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या ऑफिसची खोली वापरायला मिळाली. एक कॅरम, दोन वर्तमानपत्रं, लोखंडी खुर्च्या. दोन वर्षांत अकरा जण झाले. गुरुजी सचिव. त्यांचा एक गुण सगळेच वाखाणायचे, त्यांच्यासमोर भांडण टिकत नसे. दोघांचा आवाज चढला की गुरुजी मध्ये पडून असं काहीतरी काढायचे की दोघांनाही आपलंच खरं झालं असं वाटायचं.

अकरावे सभासद होते गोवर्धन शहारे. पोस्टमास्तर म्हणून गोरेगावातच निवृत्त झाले आणि बुद्धविहाराच्या मागे घर बांधून राहिले. उंच, सावळे, कमी बोलणारे. कॅरमवर मात्र त्यांचा हात असा होता की राणी त्यांना विचारून खड्ड्यात जाते की काय असं वाटावं. गुरुजींची आणि त्यांची जोडी पहिल्याच आठवड्यात जमली. महिन्याभरात दोघं एकमेकांना अरेतुरे करू लागले. साठीत नवा मित्र मिळतो हे गुरुजींना ठाऊक नव्हतं.

२००५ च्या पावसाळ्यात कॅरम खेळताखेळताच गुरुजींच्या छातीत कळ आली. बाकीचे पाणी द्या, वारा घाला, मुलाला फोन लावा असं करत राहिले. गोवर्धननं त्यांना उठवून रस्त्यावर नेलं, गोंदियाकडे जाणाऱ्या एसटीसमोर हात आडवे करून उभा राहिला आणि बस थांबवली. दवाखान्यात तो चार दिवस बाकावर बसून होता. त्याची बायको सुशिलाबाई रोज सकाळच्या बसनं डबा पाठवायची. मऊ भात, मुगाचं वरण, बिनतिखटाची दोडक्याची भाजी. गुरुजींनी चारही दिवस तोच डबा खाल्ला. बरे होऊन आल्यावर रुख्माबाईंना म्हणाले, "त्या बाईच्या हाताले चव आहे."

मंडळाची एक पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकाच्या घरी सगळ्यांची पंगत. कोणाकडे सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात आणि कढी, कोणाकडे वडे आणि सुवारी, म्हणजे पुरी. सभासद झाल्याच्या क्रमानं एकेकाचा नंबर लागायचा. गोवर्धनची दहा घरची जेवणं जेवून झाली होती. २००६ च्या जानेवारीत त्याचा नंबर आला.

डिसेंबरच्या शेवटी उदाराम आणि मुन्नालालजी गुरुजींच्या घरी आले. चहा झाला. थंडीबद्दल बोलणं झालं. मग उदाराम म्हणाले, "गुरुजी, त्या शहारेच्या पंगतीचं काय करून राहिले?"

"करायचं काय? जायचं."

"मले काई नाई, मी कुठंबी खातो. नोकरीत खाल्लंच की! पण घरच्या बुढीचं तुमाले माईत आहे. चार दिवस भांडे वेगळे ठेवन."

मुन्नालालजी खाली बघत म्हणाले, "मास्टरजी, शहारेजी आदमी तो एक नंबर हैं. मगर हमारे घर में पूछेंगे. और कल को बेटी का रिश्ता करना है."

"आणखी कोण म्हणते असं?"

उदारामनं चार नावं घेतली. म्हणाले, "आमी बोलणार नाई. त्या दिवशी कोणाचं पोट दुखन, कोणी गावाले जाईन. तुमीच बघा. पण दोघं-तिघंच गेले त त्या बिचाऱ्यालेच वाईट वाटन ना?"

गुरुजींना हे शेवटचं वाक्य पटलं. पुढे कितीतरी वर्षं ते स्वतःला हेच सांगत राहिले की मी ते गोवर्धनसाठी केलं. दहा पानं मांडलेली आणि बसायला दोघंच, असा अपमान त्याचा होऊ नये म्हणून. विचार करताकरता त्यांना वाट सापडली, नेहमीसारखीच, कोणाशीही न भांडता निघणारी. पंगतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांनी खोलीत जाहीर केलं, "उद्या प्रतापगडची सहल! दोन जीपा ठरवल्या. सकाळी सातला निघायचं. डबे आपापले."

महादेव आणि दर्गा असलेला जिल्ह्यातलाच हा गड सगळ्यांच्या आवडीचा होता. टाळ्या पडल्या. उदारामनं सगळ्यात जोरात वाजवल्या. गोवर्धन कॅरमवर पावडर टाकत होता. त्यानं मान वर केली, गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "गोवर्धन, तुझ्याकडची पंगत मग पुढं कधी घेऊ. कुठं पळून चालली?"

"चांगलं आहे," गोवर्धन म्हणाला. "जाऊ."

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर होता. धुतलेला सदरा, गळ्यात मफलर. हातात डबा नव्हता. जीपमध्ये तो गुरुजींच्या शेजारीच बसला. गडावर दम लागत होता म्हणून गुरुजींचा हात धरून त्यानं त्यांना पायरीपायरीनं वर नेलं. महादेवाचं दर्शन झालं, दर्ग्यावर माथा टेकून झाला. तिथल्या मुजावरानं दिलेली शिरणी उदारामनं डोळ्यांना लावून तोंडात टाकली. मग झाडाखाली सगळे डबे उघडून बसले. एकमेकांच्या डब्यात हात जाऊ लागले.

गोवर्धन थोडा बाजूला दगडावर बसला होता.

"ये ना," गुरुजी म्हणाले. "रुख्मानं तुझ्यासाठी जास्तीच्या सुवाऱ्या दिल्या आहेत."

"मले आज उपास आहे."

उदारामला हसू आलं. "तुमाले कायचा उपास गा, शहारे? बुद्धानं त उपास सोडला होता!"

सगळे हसले. गोवर्धनही हसला. गुरुजीही हसले, आणि हातातली सुवारी त्यांनी खाल्ली.

पुढच्या महिन्यात कोणी शहारेंचं नाव काढलं नाही. नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. गोवर्धन प्रत्येक पंगतीला यायचा, वेळेवर. वाढायला मदत करायचा, पाणी द्यायचा, आणि पानावर बसायची वेळ आली की म्हणायचा, "मले उपास आहे." घरमालकीण केळं आणून द्यायची, तेही तो खिशात घालून न्यायचा. पहिल्या दोन-तीन वेळा लोक अवघडले. मग सवय झाली. कॅरमवर जोडी तशीच होती, पण गोवर्धन त्यांना पुन्हा कधी घरी ये म्हणाला नाही. जवळजवळ पाच वर्षं असं चाललं.

गुरुजींनी सांगून टाकायचं ठरवलं नाही असं नाही. एकदा दोघं गोंदियाहून एसटीनं परत येत होते. जागा शेजारीशेजारी मिळाली होती. बस सुटायच्या आधीच गुरुजींनी मनात वाक्य तयार केलं होतं, 'गोवर्धन, त्या सहलीचं तुले सांगायचं होतं.' खिडकीबाहेर भाताची रोवणी चालू होती. गुरुजी म्हणाले, "यंदा रोवण्या लवकर आटपतील, नाई?" गोवर्धन म्हणाला, "हो. पाणी चांगलं आहे." गोरेगाव येईपर्यंत दोघं पाण्याबद्दलच बोलले.

घरी आल्यावर त्यांनी रुख्माबाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"मंग मले काऊन नाई सांगितलं तेव्हा? मी आली असती की तुमच्यासंगं. आपण दोघं गेलो असतो."

"बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं तुमाले काय करायचं होतं? तुमाले कोणी दावणीले बांधलं होतं?"

"आता जाऊ," गुरुजी म्हणाले. "दिवाळीनंतर जाऊ."

दिवाळ्या गेल्या. २०१० च्या नोव्हेंबरात सुशिलाबाई गेल्या. मूत्रपिंडाचा आजार होता. तो होता हेसुद्धा मंडळात कोणाला ठाऊक नव्हतं. गोवर्धन मधूनमधून चार-चार दिवस यायचा नाही, तेवढंच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळाचे सगळे गेले. भिक्खूंनी वंदना घेतली, चारदोन जण बोलले. मग अंगणातल्या मांडवात जेवणाची पानं मांडू लागले तसे उदाराम उठले. मुन्नालालजी उठले. एकेक करून सगळ्यांनी गोवर्धनला हात जोडले आणि निघाले. गुरुजीही उठले होते. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"चला ना गुरुजी," उदाराम म्हणाले.

"तुमी व्हा पुढं."

ते परत येऊन पंगतीत बसले. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं होती. वाढायला गोवर्धनची मुलगी आली. कामठ्याला दिलेली, मंजू नाव. रडून डोळे सुजलेले. वरण वाढताना ती थांबली.

"तुमी कटरे गुरुजी ना?"

"हो बाई."

"तुमच्या भाजीत तिखट नाई टाकत. थांबा, वेगळी आणते." ती भाजी घेऊन आली आणि सहज, मनात काही न ठेवता बोलत गेली. "आईनं सांगून ठेवलं होतं मले. तुमी सगळे यायचे होते ना पहिले, जानेवारीत, तेव्हा मी चार दिवस आधी आली होती तिच्या मदतीले. अनारसे केले होते आमी. तुमाले तळलेलं चालत नाई म्हणून तुमच्यापुरते तिळाचे लाडू केले तिनं, वेगळ्या डब्यात. शनिवारी बाबा आले अन् म्हणाले, सहल निघाली. डाळी भिजत घालून झाल्या होत्या. आई म्हणाली, 'जाऊ दे, पुढच्या महिन्यात येतील.' पुढच्या महिन्यात विचारलं तिनं बाबाले. त्याच्या पुढच्याबी महिन्यात. मंग नाई विचारलं."

गुरुजींनी घास उचलला. भाजीला मीठ बरोबर होतं की नव्हतं, त्यांना काही कळलं नाही. पण पानात काही ठेवलं नाही.

माणसं पांगल्यावर ते गोवर्धनजवळ जाऊन बसले. तो भिंतीला टेकून सतरंजीवर बसला होता. चार दिवसांची दाढी वाढली होती.

"गोवर्धन, ती प्रतापगडची सहल मी काढली होती. मुद्दाम."

"माईत आहे."

"कवापासून?"

"त्याच दिवशीपासून. सहल काढायची त तू महिना-महिना चर्चा करणारा माणूस. एका रात्रीत दोन जीपा कुठून आल्या?"

"मंग आला काऊन तू?"

गोवर्धननं आतल्या दाराकडे पाहिलं. आत कोणीतरी भांडी आवरत होतं.

"मले वाटलं, रस्त्यात सांगशील. म्हणशील, हे लोक असे आहेत गोवर्धन, पण मी येतो. नाई सांगितलं तू. मंग वाटलं, गडावर सांगशील. सुशिला म्हणे, बाकीचे नाई येत त नाई, गुरुजी येतील. त्यांनी दवाखान्यात माझ्या हातचं खाल्लं आहे, त्यांच्या मनात काई नाई. मी तिले म्हणलं, हो, येईन तो."

"मी भेलो गा."

"कोणाले?"

गुरुजींना नाव घेता येईना. उदारामला? तो तर कॅरम हरला तरी रुसणारा माणूस. मुन्नालालजींना? त्यांना भिण्यासारखं काय होतं? अकरा माणसं, एक खोली, संध्याकाळचे दोन तास. त्यांना भिण्यासारखं काहीच सापडलं नाही, आणि ते जास्त लाजिरवाणं वाटलं.

"माझ्या मनात काई नव्हतं," ते म्हणाले.

"तेच त मले समजलं नाई," गोवर्धन म्हणाला. "उदारामच्या मनात होतं, त्यानं तसं केलं. तुझ्या मनात नव्हतं, अन् तूबी तेच केलं." त्याचा आवाज चढला नव्हता. पाकिटावरच्या पत्त्यात चूक दाखवावी तसं तो सांगत होता. मग म्हणाला, "आज जेवला, चांगलं केलं. तिच्या जीवात जीव असताना यायले पाहिजे होतं."

महिन्याभरात गोवर्धन मुलाकडे, राजदीपकडे, नागपूरला गेला. गोरेगावचं घर भाड्यानं दिलं. गुरुजी अधूनमधून फोन करत. तो नीट बोलायचा, तब्येत विचारायचा, रुख्माबाईंना नमस्कार सांगायचा. स्वतःहून त्याचा फोन कधी आला नाही.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पंगत मुन्नालालजींकडे होती. सगळे पानावर बसले असताना गुरुजी उभे राहिले. मुख्याध्यापक असताना प्रार्थनेनंतर उभे राहायचे तसे. त्यांनी सहलीची सगळी हकीकत सांगितली. कोण त्यांच्याकडे आलं होतं ते सांगितलं नाही, आपण काय केलं तेवढंच सांगितलं. तिळाच्या लाडवांचंही सांगितलं.

कोणीतरी पाण्याचा पेला सरकवला. मग उदाराम म्हणाले, "आता कायले उकरून राहिले गुरुजी? बाई गेली, माणूसबी नागपूरले गेला. भात थंडा होऊन राहिला."

मुन्नालालजींच्या सुनेनं वाढायला सुरुवात केली.

गुरुजी न जेवता घरी आले. सचिवपद सोडत असल्याची चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी पाठवली आणि रुख्माबाईंना सांगितलं, आता त्या खोलीत पाय ठेवणार नाही. आठ दिवस ते घरी बसले. वर्तमानपत्र दोनदा वाचून व्हायचं. पाच वाजले की ते अंगणात येरझाऱ्या घालायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. रुख्माबाई स्वयंपाकघरातून बघायच्या.

नवव्या दिवशी ते पुन्हा मंडळात गेले. खोलीत कॅरम चालू होता. उदारामनं सरकून खुर्ची मोकळी करून दिली, आणि गुरुजी तिच्यावर बसले.