नमुन्याची खोली

नळ्याने नव्या टाइल्समधल्या भोकात बोट घालून पाहिलं. बोट सिमेंटला टेकलं. मागे पाइप नव्हताच.

“उस्ताद, इथे लाइन नाही,” तो म्हणाला.

हवालदार खिडकीपाशी पडद्याच्या चुण्या सारख्या करत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

“नळ बसवायचाय, चालवायचा नाही. पाहणीला आलेला माणूस नळ उघडत नाही.”

नळ्या भरती होण्याआधी बापाच्या हाताखाली नळजोडणी शिकला होता, त्यामुळे तळावर कुठे काही गळलं की त्यालाच हाक यायची. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. पण आडच नसताना पोहरा टांगायला सांगणारी माणसं त्याला फौजेतच भेटली.

ही खोली म्हणजे बराकीचा नमुना. चार खाटा, जाड गाद्या, इस्त्रीचे पडदे, कोपऱ्यात बेसिन आणि आता त्यावर चकचकीत नळ. गाद्यांवरचं प्लास्टिक पाहणीच्या सकाळी निघायचं आणि दुपारी पुन्हा चढायचं. इथे आजवर कोणी झोपलेलं नव्हतं. जवान कसे राहतात ते बघायला जो येईल त्याला हीच खोली दाखवायची आणि दाराला कुलूप घालायचं, अशी रीत पडून गेली होती. त्याआधी ही पोरांची करमणुकीची खोली होती. टेबल-टेनिस होतं, कॅरम होता, पुस्तकांचं कपाट होतं. हवालदार स्वतः नवखा जवान असताना इथल्या टेबलावर कोणाला जिंकू देत नसे म्हणतात. ते टेबल दुरुस्तीला म्हणून अधिकाऱ्यांच्या क्लबात गेलं ते तिकडचंच झालं. पुस्तकं वाळवीने वाचली. मग रिकाम्या खोलीतून कोणाच्या तरी सुपीक डोक्याने हा नमुना काढला. तेव्हापासून ड्यूटी संपली की पोरं खाटेवर पडून छताचे पोपडे बघायची, दुसरं करणार काय?

भिंतीपलीकडे खरी बराक होती. तिथे कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावं लागे. न्हाणीतले दोनच नळ चालू होते आणि त्यांना गच्चीवरच्या गंजक्या टाकीचं पाणी यायचं. टाकीला झाकण नव्हतं, आणि ही गोष्ट कबुतरांना ठाऊक होती. क्लबाच्या बागेला मात्र मोठ्या लाइनीचं स्वच्छ पाणी होतं. गुलाबांना कावीळ होऊ नये, याची काळजी सगळ्यांनाच.

कावीळ लंबूला झाली. लंबूची खाट नळ्याच्या शेजारची. डोळे पिवळे झाले, अन्न पोटात ठरेना, तेव्हा त्याला लष्करी दवाखान्यात हलवलं. नळ्या भेटायला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच पाणी उकळून प्यायचा सल्ला दिला. बराकीत शेगडी पेटवायला बंदी होती. लंबू उशीवरून एवढंच म्हणाला, की बरा होऊन परत त्याच नळाखाली यायचं असेल तर बरं होऊन तरी काय करू? एरवी कशाचीही थट्टा करणारा पोरगा.  टाकीबद्दल नळ्याने याआधी तीनदा तोंड उघडलं होतं. पुढच्या वर्षी बघू, हे उत्तर वर्षाला एकदा मिळायचं.

हवालदार रंगाचे डबे आणायला गेला. नळ्या हातात नळ घेऊन उभा राहिला. मग त्याने छिन्नी उचलली आणि भिंतीला आरपार भोक पाडलं. पलीकडे बराकीच्या न्हाणीची लाइन होती. तिच्यातूनच त्याने जोड काढला, नळ बसवला, कडेने पांढरं सिमेंट भरलं. नळच हवा ना यांना, मग नळासारखा नळ घ्या.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येईपर्यंत पोरं चौकटीला रंग फासतच होती. पाहणी आली की शेवटच्या घटकेपर्यंत रंग द्यायचा, हीही तिथली रीतच. साहेबांनी गाद्या पाहिल्या, पडदे पाहिले, मान डोलावली. कॅम्पचे साहेब त्यांच्यामागे हात बांधून हसत होते. चार निवडक जवान खाटांपाशी ताठ उभे होते आणि गरज पडली तर म्हणून नळ्याला दाराशी ठेवलं होतं. निघताना मोठ्या साहेबांनी चौकटीला हात टेकला. तळवा हिरवागार झाला.

“असू दे, धुतो,” म्हणत ते बेसिनकडे वळले.

हवालदाराने डोळे मिटून घेतले. साहेबांनी नळ सोडला. तो आधी दोनदा खोकला आणि मग पाणी आलं. चहाच्या रंगाचं, कुबट वासाचं. साहेबांच्या इस्त्रीच्या बाहीवरून ओघळलं.

“हे काय आहे?”



“पाणी आहे, साहेब,” नळ्या म्हणाला. “आम्ही हेच पितो.”

 कॅम्पच्या साहेबांनी रुमाल पुढे केला. हात पुसून झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, “याचं बघा,” आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दुपारी कॅम्पच्या साहेबांचा आवाज मैदानापर्यंत ऐकू आला. भिंतीत जुनी लाइन राहून गेली होती, आपल्याच लक्षात आलं नाही, असं हवालदाराने सांगून टाकलं. उलट बोलल्याबद्दल नळ्याला संडास घासायची शिक्षा झाली. त्याने ते शीळ वाजवत घासले. कारण शिक्षा संपायच्या आतच नव्या पाइपांचा ट्रक आला आणि सगळी बराक त्याच्याभोवती गोळा झाली. पोरांनी नळ्याला खांद्यावर घेतलं. कोणीतरी दवाखान्यात जाऊन लंबूला सांगूनही आलं.

क्लबापासून चर खणत आणला गेला. नवी लाइन बराकीच्या मागच्या भिंतीला धरून, न्हाणीच्या अगदी हाताच्या अंतरावरून गेली आणि तिथे न थांबता पुढे सरकली. नळ्याने हवालदाराला विचारलं, न्हाणीचा जोड कधी द्यायचा? हवालदाराने बुटाने माती सारखी केली. हुकूम नमुन्याच्या खोलीतल्या बेसिनपुरताच होता. याचं बघा म्हणाले होते, त्याचं बघितलं होतं.

नळ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पाना चरात फेकला. असल्या लोकांसाठी आपण छाती पुढे काढून सलाम ठोकतो! लंबूला आता काय तोंड दाखवायचं? बाकीची पोरं एकेक करून आत निघून गेली. त्याचं त्याला जास्त लागलं. बऱ्याच वेळाने तो चरात उतरला, पाना शोधला, पँटला पुसला आणि सामानाच्या कोठीकडे गेला.

कोठीत हवालदार एकटाच होता. बेसिनकडे वळायला एक एल्बो लागेल, असं नळ्याने सांगितलं. हवालदाराने खोकं पुढे सरकवलं. नळ्याने एल्बो उचलला. मग त्याच्याकडे न बघता खालून एक टी उचलली आणि मुठीत धरली. टी म्हणजे तीन तोंडांचा जोड. चालत्या लाइनीतून दुसरी लाइन फोडायची असेल तरच तो लागतो, आणि कोठीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

“एल्बो म्हणालास ना?”

नळ्याने मूठ उघडली नाही. आता फार तर आणखी संडास, असं त्याने मनाशी धरलं.

हवालदाराने त्या मुठीकडे पाहिलं. मग खोक्यात हात घालून बराच वेळ चाचपडत राहिला आणि आणखी एक टी काढून टेबलावर ठेवली.

“दोन ने. दुसऱ्या बराकीतही पोरं आहेत.”

नळ्या दारापर्यंत गेला तेव्हा मागून पुन्हा आवाज आला.

“आणि भिंत नीट लिंप रे. पाहणीला आलेला माणूस भिंत उकरत नाही.”