चार यंत्रांचं एक कॉमन

शनिवारी दुपारी हतनूर धरणाच्या पाण्यावर, काठाला बांधलेल्या शिडाच्या होडीत बसलेल्या मेघाच्या हातातला मोबाईल खणखणीत मराठीत म्हणाला, "खोली चारशे बारा मीटर." मेघाने तो पाण्यात भिरकावला नाही, एवढंच तिचं त्या दिवसाचं पुण्य. होडीखाली पाणी होतं जेमतेम दोन पुरुष.

"चारशे बारा!" सुकाणूपाशी बसलेले नाना खूश झाले. "कोचीहून निघालं का अशी खोली लागे आम्हाले."

"नाना, हे हतनूर आहे."

"मले काय सांगते!"

नाना म्हणजे मेघाचे वडील अभिमन नाना. नौदलात बावीस वर्षं काढून असोद्याला केळीच्या मळ्यात परतलेला माणूस. परतला तो एकटा नाही, समुद्राची खोड घेऊन परतला. निवृत्तीनंतर मुंबईहून एक जुनी होडी ट्रकवर घालून आणली आणि मुक्ताईनगरच्या अलीकडे धरणाच्या फुगवट्यावर सोडली. सगळ्या तालुक्याने तोंडात बोटं घातली. वीस वर्षं नानांनी ती होडी एकट्याने चालवली. मग डोळ्यांत काचबिंदू शिरला. डावा डोळा गेलाच होता, उजवा जपा म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

डोळ्यांचं एक, आणि पाण्याखालचं दुसरं. या फुगवट्याखाली जुनी वावरं आहेत, विहिरींची बांधकामं आहेत, बाभळीचे बुंधे आहेत. होडीत खोली दाखवणारं यंत्र होतं, वाऱ्याचं होतं, वेगाचं होतं आणि जीपीएस होतं. चार यंत्रं, चार कंपन्यांची, आकडे दाखवायची चार बोटांएवढ्या पडद्यांवर. ते आकडे नानांना वाचता येईनात. दिवाळीच्या आधी होडी एका बुडालेल्या विहिरीच्या कठड्याला घासली, तेव्हा मेघाच्या आईने, कमलबाईंनी, मेघाला फोन केला. तू पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते ना, मग बापाची होडी बोलती कर.

तसं ते अवघड नव्हतं. चारही यंत्रांची माहिती एका डबीत आणायची, डबीतून मोबाईलवर, आणि मोबाईलने ती मोठ्याने वाचायची. वाचायचा भाग मेघाने पिंप्राळ्याच्या आपल्या घरी बसून एका आठवड्यात केला. उरलेला भाग म्हणजे फक्त वायरी. त्या 'फक्त'वर पुढचे तीन महिने गेले. कधी तंत्रनिकेतनात परीक्षा, कधी मुलीची शाळा, कधी लग्नसराई. शेवटी कमलबाईंनी अट घातली. रविवारी बारापर्यंत होडी बोलली तर नानांची. नाही बोलली तर धुळ्याचा चिंधाशेठ गाडी घेऊन येणार होता. त्याला तलावावर बोटिंग सुरू करायचं होतं; मग होडी त्याच्या हवाली. नानांनी शब्द दिला. आणि नाना शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते, ही तर सगळ्यात मोठी अडचण.

म्हणून मेघाने गुरुवारी वायरी जोडायला गिरधरला पाठवलं. गिरधर मूळचा साक्रीकडचा. पंधरा वर्षं जळगाव भागात ठिबकची ऑटोमॅटिक पॅनेलं बसवायचा. त्याच्या हातचं काम म्हणजे दगडावरची रेघ, असं नाना सांगायचे. ते खरंच होतं, त्याचाच तर घोटाळा झाला.

"गिरधरभाऊ," डबीचं झाकण उघडून मेघा काठावर उभ्या गिरधरला म्हणाली, "हे काय केलंत?"

चारही यंत्रांच्या माहिती पाठवणाऱ्या वायरी एकत्र पिळून, वर सुबक टेप गुंडाळून, डबीच्या एकाच तोंडात घातल्या होत्या. बाकीची तीन तोंडं रिकामी होती.

"बठ्ठा वायर एक जागे करी दिधा ना ताई," गिरधर त्याच्या अहिराणीत म्हणाला. "वावरमा वीस व्हॉल्व्ह ऱ्हास, पन कॉमन एकच ऱ्हास. एक कंप्लेंट नही आजलोंग."

मेघाने कपाळाला हात लावला. "अहो, व्हॉल्व्ह ऐकणारे असतात. पॅनेल एकटं बोलतं, म्हणून त्यांना एक कॉमन वायर चालते. इथे चारही बोलणारे आहेत! चौघांना एका वायरीवर कोंबलं तर सगळे एकदम बोलतात. डबीला कुणाचंच धड कळत नाही. ग्रामसभेत होतं तसं."

"मंग आते काय करानं?"

"एकाला एक तोंड. चार वायरी, चार तोंडं."

"इतलंच?" गिरधर म्हणाला. हे 'इतलंच' ऐकून तर मेघाच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण तेही इतलंच नव्हतं. एका कंपनीची पाठवणारी वायर पिवळी, दुसरीची तपकिरी, तिसरीची निळी, आणि चौथीच्या माहितीपुस्तकात एक रंग तर प्रत्यक्षात दुसराच. चार शहाण्यांनी एकत्र बसून एक रंग ठरवला असता तर त्यांचं काय वाटोळं झालं असतं, हे मेघाला शेवटपर्यंत कळलं नाही. ऊन कलेपर्यंत ती होडीच्या पोटात वाकडी होऊन बसली. वरून नाना सूचना देत होते. घाई करू नको. गाठ पक्की मार. आमच्या जहाजावर असं नव्हतं. आणि मग, पाच वाजता, मोबाईल म्हणाला, "खोली साडेतीन मीटर. वारा उजवीकडून." नानांनी बांबू पाण्यात घालून खोली मोजली. साडेतीनच. उद्या आईला काठावर आणूनच ऐकवायचं ठरवून मेघाने डबीचं झाकण लावलं आणि असोद्याला येऊन आईच्या हातचं जेवून मेल्यासारखी झोपली.

रविवारी सकाळी उठली तर नाना घरात नव्हते. गिरधरच्या मोटरसायकलवर बसून उजाडताच गेले होते. मेघा आईला स्कूटरवर मागे बसवून, भरिताचा डबा मांडीवर देऊन काठावर पोचली तेव्हा नऊ वाजले होते. गिरधर नानांना सोडून कुणाच्या तरी वावरात गेला होता. नाना होडीत, ताठ, खूश.

"तुह्या वायरी नीट करून ठेवल्या," ते म्हणाले. "काय ते लोंबकळत ठेवलं व्हतं! जहाजावर असं काम केलं असतं तर चीफनं कान धरला असता."

मेघाने मोबाईल चालू केला. मोबाईल गप्प. पुन्हा चालू केला. गप्प. डबी उघडली. वायरी सुंदर कापलेल्या, सुंदर सोललेल्या, प्रत्येकीला वळण दिलेलं, आणि एकही जागेवर नाही. निळी होती तिथे काळी, तपकिरी होती तिथे लाल. काल तिने झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत रंग लिहून चिकटवलेला कागद तसाच होता.

तिची सहनशक्ती संपली. तीन महिन्यांची, गिरधरवरची, चारही कंपन्यांवरची, त्या चीफवरची, सगळी चीड एकदम बाहेर पडली.

"हात कशाला लावलात? काल चालू होतं ना! बारा वाजता तो माणूस गाडी घेऊन येतोय आणि तुम्ही इथे लाल वायर निळ्याच्या जागी घालून बसलात! एवढं मोठं लिहून ठेवलंय. रंग दिसत नाहीत का तुम्हाला?"

नानांचा हात सुकाणूच्या दांड्यावरून मागे-पुढे फिरत राहिला.

"नही दिसत," ते म्हणाले.

मेघाला आधी वाटलं, ते चिडून म्हणतायत. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

"उजवा?"

"उजवाबी. दिवाळीपासून. उजेड कळतो, बाकी काही नही." मग घाईघाईने म्हणाले, "दोर मले हातानं समजतात. शीडबी. वाटलं, वायरीबी समजतीन."

मेघाला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला. तीन महिने. परीक्षा, लग्नसराई, मुलीची शाळा. तिने पर्समधून सुई-दोरा काढला. पाठवणाऱ्या वायरीला दोऱ्याची एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. डबीच्या तोंडांपाशी सुईच्या टोकाने तेवढेच टोचे. मग ती बाजूला सरकली.

"जोडा," ती म्हणाली.

नानांनी बोटांनी गाठी मोजल्या, टोचे मोजले, आणि एकेक वायर जागेवर बसवली. दहा मिनिटं लागली. मेघाने त्या दहा मिनिटांत एकही सूचना दिली नाही.

"खोली साडेतीन मीटर. वारा डावीकडून. वेग शून्य."

नानांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाले, "आईले सांगू नको. तिले कळलं तर बोलती होडीबी जाईन."

मेघा फळीवरून काठावर उतरली. कडुलिंबाखाली कमलबाई डबे मांडत होत्या.

"बोलली?"

"बोलली." मेघा थांबली. सांगू नको म्हणाले होते. पण डोळे नसलेल्या माणसाला पाण्यावर सोडायचं? "आई, नानांना..."

"माहीत हाये मले," कमलबाई भाकरी मोडत म्हणाल्या. "भाकर डाव्या हाताले, मिरची ताटाच्या कडेले, असं रोज बोलून वाढते मी. त्याईले वाटते, म्हातारीले बडबडीची सवय लागली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्याईनं मलेच सांगतलं नही. मी तुले कसं सांगू?"

"आणि तरी तू अट घातलीस? त्यांची होडी..."

"तुले घातली अट. नही तर तू उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकललं असतं. चिंधाशेठले मी फोनच केला नही." कमलबाईंनी वर पाहिलं. "तू जाशीन ना संगे? एकटं नही सोडायचं."

मेघाने होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात जेवणाचा वास लागून नाना होडीच्या कडेला आले, आणि कमलबाईंनी भाकरीवरून नजर न हलवता हाक मारली, "फळी उजव्या पायाले हाये! पुढे चिखल हाये दोन पावलं!"

"दिसतं मले!" नाना खेकसले, आणि उजवा पाय बरोबर फळीवर टाकला.