उदाहरणातलं स्टूल

जिन्याखाली एक लहान सायकल आहे. चाकांतली हवा गेली आहे. कुलूप शाबूत आहे.

*

लेखकाचे नाव निबंधात कुठेही येऊ नये. लेखक कोण हे ज्यावरून ओळखता येईल असा प्रत्येक उल्लेख पाठवण्यापूर्वी काढून टाकावा.

*

कलम चार. घरातील बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवावी, किंवा मुलांच्या हाताबाहेर राहील अशा जागी ठेवावी.

*

खार झाडावरून उतरते ती डोकं खाली करून. माणसांना ते जमत नाही. एका मुलीला जमायचं, दाराच्या चौकटीवरून, निम्म्यापर्यंत.

*

बाबा बल्ब बदलताना स्टुलावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ताईने त्याच आठवड्यात स्टूल भंगारवाल्याला देऊन टाकलं. म्हणाली, "या घरात एक तर स्टूल राहील नाही तर मी." तेव्हा सगळे हसले. बल्ब तसाच गेलेला राहिला.

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. सरळ सांगायचं तर असं.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिची बहीण कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. केस पांढरे व्हायला लागले तरी घरात तिला धाकटीच म्हणतात. दोघींचे वडील ताईकडे राहतात. ताईला एक मुलगी होती. ती गजांवर, दारांवर, कपाटांवर चढायची, म्हणून तिला सगळे खार म्हणायचे. बाबांची बंदूक झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली असायची. स्टूल गेल्यापासून ती कोणी खाली काढली नव्हती. कधी विषय निघालाच तर बाबा म्हणत, "उंचावर आहे. आता तिथे माझाच हात पोचत नाही, पोरीचा कुठला पोचतोय."

पोरीला हाक मारताना ते खारच म्हणायचे.

त्या दुपारी ताई दुकानात होती, बाबा दवाखान्यात. घरात धाकटी होती, पलीकडच्या खोलीत, विद्यार्थ्यांचे पेपर तपासत. आवाज ऐकून ती धावली. कपाटाचं दार उघडं होतं. खालच्या कप्प्यातल्या टॉवेलांवर पावलं उमटली होती, मधल्या कप्प्यातल्या शर्टांवरही. चादर खाली पडली होती.

पुढचं सांगायची गरज नाही. सांगायची गरज होती ती एकाच ठिकाणी, आणि ही गोष्ट त्याबद्दल आहे.

*

घरातल्या बंदुकांबद्दलच्या कायद्याचा मसुदा आला तेव्हा ताईने नोकरी सांभाळून दुसरी नोकरी धरल्यासारखं काम केलं. पत्रकं वाटली, लोकप्रतिनिधींच्या दारात उभी राहिली, नको तिथे चहा प्याली. सगळं मनासारखं झालं होतं, फक्त कलम चारमध्ये एक "किंवा" येऊन बसला होता. बंदूकधारकांच्या संघटनेने तो बसवला होता. समिती त्यावर लोकांची निवेदनं ऐकणार होती.

"मी काय सांगू त्यांना, चष्म्याचे नंबर?" ताई म्हणाली. "मी घरात नव्हते. तू होतीस. हाताबाहेर म्हणजे काय असतं ते तूच सांगू शकतेस."

"ताई, निवेदन द्यायचं त्याच दिवशी निबंधाची शेवटची मुदत आहे. तत्त्वज्ञान परिषदेची."

"कसला निबंध?"

"आवाक्यात ठेवलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाची, यावर."

ताईने तिच्याकडे चष्मा उतरवून पाहिलं. "म्हणजे तेच की."

"तेच. पण वेगळ्या पद्धतीने."

"मग एका दगडात दोन पक्षी मार. आजवर उंटावरून शेळ्या हाकल्यास, एकदा खाली उतरून हाक."

"उतरते ग बाई."

"निवेदन आधी लिही हां. निबंध काय, पळून जात नाही."

धाकटीने निबंध आधी लिहिला.

*

पहिला खर्डा:

माझी भाची सात वर्षांची होती. तिने कपाट उघडलं आणि कप्प्यांवर पाय देत ती वर गेली. ती नेहमीच अशी चढायची. आम्ही तिला खार म्हणायचो. माझ्या वडिलांना वाटायचं की उंची म्हणजे कुलूप.

दुसरा खर्डा, ओळख पुसून:

क हे सात वर्षांचे मूल आहे. क कपाटाच्या कप्प्यांवर पाय देत माथ्यापर्यंत पोचते. वस्तू तेथे ठेवणाऱ्या प या व्यक्तीची समजूत अशी, की उंची म्हणजे कुलूप.

हा खर्डा मुदतीच्या बराच आधी, परीक्षणासाठी परिषदेकडे गेला. काही आठवड्यांनी परीक्षकाचा शेरा आला. परीक्षकाला लेखक कोण ते माहीत नसतं आणि लेखकाला परीक्षक. त्यामुळे न्याय नीट होतो असा या धंद्यातला समज आहे, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो.

शेरा असा: युक्तिवाद उत्तम. मात्र उदाहरण ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. एवढे लहान मूल कशाच्याही आधाराशिवाय इतके वर चढेल हे पटत नाही. उदाहरण वास्तवाच्या अधिक जवळ न्यावे.

धाकटीने तो शेरा स्टाफरूममध्ये तर्कशास्त्राच्या सरांना दाखवला. खरं काय ते सरांना ठाऊक नव्हतं. नोकरीत ते नवे होते आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"अहो, एवढंच ना," सर म्हणाले. "एक स्टूल द्या त्या पोराला. उदाहरणातलं स्टूल, त्याला काय सुतार लागतोय?"

ती हसली. नंतर तिने स्टूल दिलं.

तिसरा खर्डा:

क स्टूल ओढून आणते, त्यावर उभे राहते आणि कपाटाच्या माथ्यापर्यंत पोचते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण तिच्याशिवाय धाकटी निव्वळ मूर्ख ठरेल आणि ती तशी नव्हती. स्टूल आलं आणि ते वाक्य तिला पहिल्यांदाच श्वास न अडखळता वाचता आलं. स्टूल ओढत आणणारं ते मूल कोणीतरी दुसरंच होतं. त्याला कोणी हाक मारत नव्हतं. त्याच्यावर तिला विचार करता आला, पानंच्या पानं, सफाईने.

*

ठरलेल्या शुक्रवारी दुपारी सुधारलेला निबंध गेला. निवेदन संध्याकाळी पाच वाजेपर्यंत समितीच्या कार्यालयात पोचायला हवं होतं.

"मी पलीकडच्या खोलीत होते," असं तिने लिहिलं.

खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. या वाक्यापुढे दुसरं वाक्य यायला तयार नव्हतं. ताईचे दोन फोन येऊन गेले. मग तिने निबंधातला परिच्छेद उचलला आणि उलट्या वाटेने निघाली. क च्या जागी माझी भाची. प च्या जागी माझे वडील. प्रत्येक अक्षराचं तिने पुन्हा माणूस केलं, एकही अक्षर सुटू दिलं नाही.

स्टूल अक्षर नव्हतं. ते राहिलं.

*

समितीच्या खोलीत गालिचा होता, त्यामुळे कोणी आलंगेलं कळत नव्हतं. अर्धगोल टेबल, त्यावर ध्वनिक्षेपक. बोलणाऱ्याच्या पुढ्यात लाल दिवा लागे. अध्यक्षबाईंनी शपथ दिली. निवेदन आधी दिलंय तसंच वाचायचं, मध्ये भर घालायची नाही, प्रश्न नंतर. परिषदांमध्येही हेच असतं. धाकटीला त्या नियमाने बरं वाटलं.

ताई मागच्या रांगेत दुकानाचा पांढरा कोट घालूनच बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती.

धाकटी वाचायला लागली. आवाज चांगला लागला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय होती.

"माझ्या भाचीने स्टूल ओढून आणलं," तिने वाचलं.

तिने ते ऐकलं. खोलीत सगळ्यांबरोबर, पहिल्यांदाच. थांबता आलं असतं. "हे चुकलंय" एवढे दोन शब्द पुरले असते. पण आयुष्यभर तिने निबंध वाचले होते, आणि निबंध वाचताना चूक दिसली तर वाचणारा पुढे जातो. दुरुस्ती शेवटी, प्रश्नोत्तरांत. ती पुढे गेली. मागे खुर्ची करकरली, तरी पुढे गेली.

संपल्यावर लाल दिवा एका सदस्यांसमोर लागला. ते सौम्य गृहस्थ होते. मान खाली घालून त्यांनी निवेदनावर बोट फिरवलं.

"बाई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मला फक्त एक समजून घ्यायचंय. ते स्टूल तिथे कोणी ठेवलं होतं?"

"कोणी नाही."

"मग आलं कुठून?"

धाकटीने निवेदनाचं पान उलटलं.

"नाही, मी एवढ्यासाठी विचारतो की बंदूक हाताबाहेरच होती, असं तुमचंच म्हणणं दिसतंय. स्टूल नसतं तर मूल पोचलं नसतं. म्हणजे कलमात दोष नाही, त्या दिवशी घरात निष्काळजीपणा झाला. बरोबर?"

"घरात स्टूल नव्हतं."

हे धाकटीने म्हणायला हवं होतं. म्हटलं ताईने, मागून, उभं राहून. ध्वनिक्षेपकाशिवायही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आई. स्टूल मी स्वतः भंगारात दिलं होतं. वडील पडतात म्हणून."

अध्यक्षबाई धाकटीकडे वळल्या. "तुमच्या शपथेवरच्या निवेदनात स्टूल आहे. होतं की नव्हतं?"

"नव्हतं."

"मग लिहिलंत का?"

एका परीक्षकाला पटत नव्हतं म्हणून, हे त्या खोलीत कसं सांगायचं? धाकटीने तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते असं: "उदाहरण अधिक... विश्वसनीय व्हावं म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सौम्य सदस्यांनी निवेदन उलटं करून टेबलावर ठेवलं. ते नोंदीतून काढण्यात आलं. कलम चार आहे तसं मंजूर झालं, किंवासकट.

*

बसमध्ये ताई खिडकीकडे बसली. बऱ्याच थांब्यांनंतर म्हणाली,

"स्टूल कुठून आणलंस ग?"

"निबंधातून."

"निबंधात कुठून आलं?"

"परीक्षक म्हणाला, एवढं लहान मूल एवढं वर चढेल हे पटत नाही."

ताई हसली. खरंच हसली, नाकातून, डोळे मिटून. "तिला कळायला हवं होतं. त्याच्या डोक्यावर चढून दाखवलं असतं."

धाकटीला वाटलं आता ती रडेल. ताईने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि काचेतून बाहेर पाहत राहिली.

"शिव्या दे ना," धाकटी म्हणाली.

"देऊन काय होणारे. हात दाखवून अवलक्षण ते हेच. एक सांग. फोन करून मला वाचून का नाही दाखवलंस? मी दोनदा केला होता."

याला उत्तर होतं. वाचून दाखवताना खारीचं नाव घ्यावं लागलं असतं. ते उत्तर तिने दिलं नाही.

घरी बाबा जागेवरच होते. कपाट कधीच विकलं होतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन आहे, त्याच्याकडे तोंड करून ते बसतात.

"काय झालं?"

"किंवा राहिला, बाबा."

"माझ्याबद्दल काही म्हणाली का ही?"

"तुम्ही उंच ठेवली होती म्हणाली."

"उंचच होती," बाबा म्हणाले. मग इतक्या वेळाने, की दोघींना वाटलं दुसराच विषय असेल: "स्टूल असतं तर मी अधूनमधून बघितली तरी असती."

ताई आत निघून गेली.

*

परिषदेकडून पत्र आलं. निबंध स्वीकारला होता. सुधारित उदाहरण आता पटण्याजोगे झाले आहे, असं परीक्षकाने मुद्दाम लिहिलं होतं. धाकटीने उलट लिहिलं, की उदाहरणातलं स्टूल काढायचं आहे. उत्तर नम्र होतं. परीक्षणानंतर मजकुरात बदल करता येत नाहीत. हवे तर वाचनाच्या वेळी तोंडी सांगावे.

ती वाचायला गेली नाही. कार्यक्रमपत्रिकेत मात्र तिचं पूर्ण नाव छापून आलं. आता नाव चालत होतं.

ताईने पुन्हा पत्रकं छापून घेतली आहेत. कायद्यात दुरुस्ती मागायची असते ती कशी, हे ती शिकते आहे. धाकटीला ती बोलावते, पत्रकांच्या घड्या घालायला. मजकूर मात्र आता ती स्वतःच लिहिते, आणि छापायच्या आधी धाकटीला वाचून दाखवते, मोठ्याने, प्रत्येक शब्द. खार हा शब्द पहिल्या ओळीत आहे. धाकटी घड्या घालत ऐकते. घरी जाताना जिन्याखालच्या सायकलपाशी ती थांबते. कुलपाची किल्ली कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

*

बंदूक विकत घेतली तेव्हा दुकानदाराने तिच्याबरोबर लांब तारेचं एक कुलूप फुकट दिलं होतं. पुढे बाबांनी ते खारीच्या सायकलला लावलं.