जन्नतचं शेवटचं बेट

मिरकरवाड्यातली जन्नत मोबाईलवरच्या खेळात पॅसिफिकचं महायुद्ध लढत होती, आणि शत्रू होता तिचा स्वतःचा नवरा. जमाल मस्कतच्या बंदरात क्रेन चालवायचा. दोन वर्षं घरी फिरकला नव्हता. सुट्टीचं विचारलं की म्हणायचा, 'बघू'. त्या 'बघू'ला वैतागून जन्नतनंच पैज लावली होती. तिची तीन बेटं, तीन विमानतळ. एक जरी टिकला, तर त्यानं ईदेला घरी यायचं. तिन्ही पडले, तर वर्षभर ती सुट्टीचं नाव काढणार नाही.

दोन तर पडलेच होते. बाईचा स्वभाव तापट. शत्रूचं एक विमान दिसलं की हिची सगळी आकाशात. इंधन संपून ती खाली उतरली, की जमालचा खरा ताफा यायचा आणि उभ्या विमानांची होळी करायचा.

शेवटची लढाई शुक्रवारी दुपारी होती, जमालच्या सुट्टीच्या दिवशी. जन्नत गच्चीवर बसली, कारण खारवलेले बांगडे वाळत घातले होते आणि कावळे टपलेले. एक कावळा कठड्यावर येऊन नाचायला लागला. ती काठी घेऊन धावली, तोवर मागून दुसऱ्यानं बांगडा पळवला.

"मेल्यांनो!" ती ओरडली, आणि जागीच थबकली. हा तर हुबेहूब जमालचा डाव!

ती मोबाईल घेऊन परत बसली. सगळ्या तोफा धावपट्टीभोवती आणल्या, विमानं इंधन भरून जमिनीवरच ठेवली. जमालची दोन विमानं घिरट्या घालू लागली. तिचे हात शिवशिवले, पण ती हलली नाही.

"काय गो, विमानां झोपली काय तुजी?" जमाल फोनवर हसला.

"झोपूं देत. तुमी या तर खरे."

मग ढगांआडून त्याचा अख्खा ताफा आला, आणि तेव्हा कुठे तिनं आपली विमानं सोडली. थोड्याच वेळात जमालचं हवाईदल समुद्राच्या तळाशी होतं.

"ईदेला यायचा!" ती भांडायच्या तयारीनंच ओरडली.

"तिकीट गेल्या महिन्यातच काढलाय."

"मग खेळलांव कशाला?"

"जिंकून येणार होतो. म्हणणार होतो, हरलीस तरी आलो बघ."

जन्नतला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. नाक ओढत ती म्हणाली, "आता हरल्यासारखे या. महिनाभर कावळे तुमीच हाकायचे."

तिनं वळून पाहिलं. लढाईच्या भरात आणखी चार बांगडे गेले होते.

"खावा, मेल्यांनो," ती म्हणाली, आणि काठी उचललीच नाही.