टोपीत उरलेला तुकडा

टोपीच्या तळाशी कोळसा फासलेला भाकरीचा तुकडा बोटाला खरखरीत लागला आणि टॉर्मोडला मनातल्या मनात हसू आलं. सव्वीस वर्षं टोपी मीच धरतोय, लेको, काळा तुकडा एकदा तरी माझ्या वाट्याला आलाय का? येणारही नाही.

ओटच्या भाकरीचे आठ तुकडे, गुराखीही आठ. डोळे बांधून एकेकानं उचलायचा, टोपीवाल्याला शेवटी उरेल तो. काळा ज्याला, त्यानं बेल्टेनच्या, मे लागतानाच्या सणाच्या, जाळावरून तीनदा उडी मारायची. मग गाई फळतात, उन्हाळा खोऱ्यात उतरतो. टॉर्मोड फक्त एवढंच करायचा, की काळा तुकडा चाचपून शोधायचा आणि ज्याचे पाय तरणे त्याच्या हाताखाली सरकवायचा... देवाला तेवढीच मदत.

पण आज बोटंसुद्धा दमली होती. तुकडा सापडायचा, निसटायचा, पुन्हा चाचपायचं. सकाळी चढ चढताना तो तीनदा थांबला होता, आणि तिन्ही वेळा फिनले ओरडला होता, "बघा रे, टॉर्मोडकाका फुलं बघतायत! म्हातारपणी प्रेमात पडले!" फुलं कसली... गुडघा. फेब्रुवारीत झोपलेल्या डुकराला अडखळून पडलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? बायको, मोराग, रोज गुडघ्याला हंसाची चरबी चोळते आणि रोज तेच म्हणते, "अहो, सांगून टाका एकदा." सांगून टाका! म्हणजे वरच्या कुरणावर गुरं फिनले नेणार, आणि मी खाली कोंबड्या राखत बसणार...

"अरे, माझा काळा!" फिनले डोळ्यांवरचं फडकं काढत ओरडला.

"काळा माझा आहे," म्हातारा ग्रेगर म्हणाला.

"माझा काय गोरा आहे होय?"

सात जणांनी सात तुकडे उन्हात धरले. साती काळे. टॉर्मोडनं हळूच आपली बोटं पाहिली — काजळासारखी — आणि पँटला पुसली, तर पँटही काळी झाली.

"म्हणजे सगळ्यांनी उड्या मारायच्या?"

"मी सत्तरीत मारू?" ग्रेगर म्हणाला. "जाळात माझी दाढीच पहिली उतरेल."

मग ग्रेगरनं टोपीत हात घातला. अस्तराच्या घडीत अडकलेला, कोणाचंच बोट न लागलेला आठवा तुकडा बाहेर आला. स्वच्छ. आज भाजल्यासारखा.

"देवाला एक वेगळा माणूस हवा असतो," ग्रेगर सावकाश म्हणाला, जणू हे त्याला बापानं सांगितलं होतं. "वेगळा हा आहे. टॉर्मोड, मार उडी."

"बरोबर आहे, काका! सव्वीस वर्षांची एकदम वसुली!"

सगळे हसले. जाळ कमरेएवढा होता, त्याच्या कडेला सणाची अंड्यांची खीर शिजत होती. टॉर्मोड त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला भीती वाटायच्या ऐवजी फक्त कंटाळा आला — टोपीचा, फुलांचा, चढावर श्वास लपवायचा, हसताना पाय न हलवता हसायचा... किती दिवस? आणि कोणासाठी? गाईंना तर कधीच कळलंय, त्या हल्ली वळून माझ्यासाठी थांबतात.

"मला जमायचं नाही," तो म्हणाला. "गुडघा गेलाय माझा. फेब्रुवारीतच. डुकराला अडखळून पडलो."

हे सगळं त्यानं मोठ्यानं, नीट सांगितलं. पण नेमकी त्याच वेळी खाली दलदलीत ग्रेगरची गाय हंबरली, पोटापर्यंत रुतलेली, आणि साती जण काठ्या उचलून उताराला लागलेसुद्धा.

"काका, चला की! फुलं नंतर बघा!"

कोणी काही ऐकलंच नव्हतं. म्हणजे हे पुन्हा सांगायला हवं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं होतं. पहिल्यांदा सांगताना छातीतून काहीतरी सुटलं होतं, ते अजून परत आलं नव्हतं. धावायचं सोंग आता नको. ते गाय ओढून काढतील, हाशहुश करत वर येतील, मग सांगू — डुकरासकट. तोवर बसू या... कितीतरी महिन्यांनी, कारण न शोधता नुसतं बसू या.

तो मागे न बघता मटकन बसला.

जाताना कोणीतरी अंड्यांची खीर जाळावरून उतरवून नेमकी तिथंच, त्याच्या मागं, ठेवली होती. आठ जणांची होती. कोमट होती.